तमिळ आणि मलयाळम : साम्यभेदांची पातळी आणि वारशाचा प्रश्न

चेन्नई महानगराच्या वायव्येस असलेले अंबत्तूर हे एकेकाळी तलावाकाठचे स्वतंत्र गाव होते. १९६०च्या दशकात तेथे मोठी औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि २०११ साली ते चेन्नई महानगरपालिकेच्या हद्दीत आले. कारखान्यांच्या निमित्ताने तमिळनाडूच्या अन्य जिल्ह्यांतून, आंध्रातून आणि केरळातून लोक येथे स्थायिक झाले. त्यामुळे तमिळभाषक आणि मलयाळमभाषक कुटुंबे येथे एकमेकांच्या शेजारी राहतात. कामाच्या ठिकाणी, बाजारात आणि शाळेत त्यांचा नित्य संबंध येतो. एकमेकांचे बोलणे त्यांना बरेचसे कळते. मात्र जेथे ते पुरते कळल्यासारखे वाटते, तेथेच पुष्कळदा अर्थाचा घोटाळा होतो. दोन अतिनिकट भाषांच्या सहवासाचा हा अनुभव तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला काही मूलभूत प्रश्नांकडे नेतो. दोन भाषा 'जवळच्या' आहेत असे म्हणताना नेमके काय मोजले जाते? आणि त्या निकटतेवरून त्यांच्या वाङ्मयीन वारशाविषयी कोणते निष्कर्ष काढता येतात?

या विचाराची सुरुवात अंबत्तूर या नावापासूनच करता येते. एका लोकव्युत्पत्तीनुसार देवीस्थानांच्या मालिकेतील एक्कावन्नावे 'ऊर', म्हणजे गाव, ते अंबत्तूर. ही व्युत्पत्ती ऐतिहासिक दृष्ट्या खरी मानण्याचे कारण नाही. तथापि तिच्यामागील संख्यावाचक शब्द उद्बोधक आहे. एक्कावन्न या संख्येस लेखी तमिळमध्ये 'ऐम्बत्तोन्ऱु' म्हणतात, बोलीत त्याचे 'अम्बत्तोण्णु' होते आणि मलयाळममध्ये 'अम्बत्तोन्नु' असे रूप आढळते. म्हणजे तमिळचे बोली रूप स्वतःच्या लेखी रूपापेक्षा मलयाळमच्या अधिक जवळ आहे. मग तमिळ आणि मलयाळम यांची तुलना करताना कोणती तमिळ हाताशी धरावयाची? पुढील विवेचनाचा बराचसा भाग या प्रश्नाभोवती फिरणारा आहे. (येथे तमिळ-मलयाळममधील विशिष्ट मूर्धन्य ध्वनीसाठी 'ऴ' आणि वर्त्स्य ध्वनीसाठी 'ऱ' ही चिन्हे वापरली आहेत. ऱ्हस्व ए-ओ वेगळे दाखविलेले नाहीत.)

१. कुळाचा प्रश्न

द्राविड भाषांचे स्वतंत्र कुळ आहे ही कल्पना प्रथम मद्रासमध्येच सिद्धांतरूपाने मांडली गेली. फोर्ट सेंट जॉर्ज येथील महाविद्यालयाशी संबंधित असलेल्या फ्रान्सिस व्हाइट एलिस यांनी १८१६ साली कॅम्बेल यांच्या तेलुगू व्याकरणास जोडलेल्या टिपणात ती मांडली. तमिळ, तेलुगू, कन्नड आदी भाषा संस्कृतोद्भव नसून परस्परांशी रक्ताचे नाते सांगणाऱ्या आहेत, हे त्यांनी धातूंच्या तुलनेवरून दाखविले. रॉबर्ट काल्डवेल यांच्या १८५६ सालच्या तौलनिक व्याकरणाने या मताला विस्तृत आधार दिला. मलयाळम ही तमिळची फार प्राचीन काळी फुटलेली आणि पुष्कळ बदललेली शाखा आहे, असे काल्डवेल यांचे मत होते. या मतामुळे मलयाळमकडे कन्या म्हणून आणि तमिळकडे माता म्हणून पाहण्याची दृष्टी रूढ झाली.

केरळातील वैयाकरणांनी या मताची स्वतंत्रपणे छाननी केली. ए. आर. राजराजवर्मा यांचे 'केरळपाणिनीयम्' १८९६ साली प्रसिद्ध झाले आणि १९१७ साली त्याची पुनर्रचित आवृत्ती निघाली. मलयाळमचा उगम त्यांनी ग्रांथिक तमिळात न शोधता पश्चिमेकडील बोलभाषेत, ज्याला 'कोडुंतमिऴ्' म्हटले जाई तीत, शोधला. तमिळहून मलयाळम ज्या वाटांनी दूर गेली त्यांचे त्यांनी सहा 'नय' सांगितले. अनुनासिकाचा पुढील व्यंजनावर होणारा प्रभाव, तालव्यीकरण, स्वरसंवरण, क्रियापदातील पुरुषभेदाचा लोप, जुन्या रूपांचे अवशेष जपणे आणि शब्दांगांचा संक्षेप, असे ते सहा नय होत. पुढील काळात या मांडणीत दुरुस्त्या झाल्या. तरीही आजच्या तुलनेचा आराखडा बराचसा तिच्यावरच उभा आहे.

आज सामान्यतः स्वीकारले जाणारे मत असे, की आजची तमिळ आणि आजची मलयाळम या दोन्ही एका सामायिक पूर्वभाषेतून निघाल्या. या दृष्टीने आधुनिक तमिळ ही मलयाळमची माता ठरत नाही, ती भगिनी ठरते. सामायिक अवस्थेस 'तमिऴ्' हेच नाव होते, यामुळे मात्र गोंधळ होतो. केरळातही हा शब्द दीर्घकाळ 'देशभाषा' या अर्थाने वावरत होता. संस्कृत ग्रंथांवर मलयाळममध्ये लिहिलेल्या टीकेस 'तमिऴ्क्कुत्तु' म्हणत, हे त्याचे एक गमक आहे. एकाच नावाचा सामायिक पूर्वभाषा आणि आधुनिक भाषा अशा दोन्ही अर्थांनी होणारा वापर हा कुळाच्या वादातील मोठा अडसर आहे.

२. ध्वनींची पातळी

ध्वनिव्यवस्थेत साम्य आणि भेद यांचे नाते गुंतागुंतीचे आहे. दोन्ही भाषांतील भेदाची सर्वांत ठळक खूण म्हणजे अनुनासिकाचे समीभवन. तमिळमध्ये अनुनासिकानंतरचे व्यंजन टिकून राहते. मलयाळममध्ये ते पुष्कळदा अनुनासिकात विलीन होते आणि अनुनासिकाचे द्वित्व होते. नारळास तमिळमध्ये 'तेङ्गाय्', मलयाळममध्ये 'तेङ्ङ'. हळदीस तमिळमध्ये 'मञ्जळ्', मलयाळममध्ये 'मञ्ञळ्'. पेजेस तमिळमध्ये 'कञ्जि', मलयाळममध्ये 'कञ्ञि'. 'तुम्ही' या अर्थी तमिळमध्ये 'नीङ्गळ्', मलयाळममध्ये 'निङ्ङळ्'. हा बदल सर्वत्र होत नाही. मूर्धन्य आणि ओष्ठ्य जोड्या अबाधित राहतात. म्हणून 'पाहिले' या अर्थी मलयाळमचे 'कण्डु' आणि तमिळचे 'कण्डेन्' (मी पाहिले) यांचे अंग सारखेच आहे.

दुसरी खूण तालव्यीकरणाची. 'त्याने मारले' हे लेखी तमिळमध्ये 'अडित्तान्' असे होते. बोलीत त्याचे 'अडिच्चान्' होते आणि मलयाळममध्ये 'अडिच्चु'. पाच या संख्येस लेखी तमिळमध्ये 'ऐन्दु', बोलीत 'अञ्जु' आणि मलयाळममध्येही 'अञ्जु'. तिसरी खूण शब्दान्तीच्या 'ऐ'ची. लेखी तमिळमधील 'तलै' (डोके) आणि 'मलै' (डोंगर) यांची मलयाळममध्ये 'तल' आणि 'मल' अशी रूपे होतात. बोली तमिळमध्येही हा 'ऐ' टिकत नाही, त्याचा ऱ्हस्व 'ए' वा 'अ' होतो. कर्मवाचक प्रत्ययाच्या बाबतीतही हेच दिसते. लेखी तमिळ 'अवनै' (त्याला) याच्या जागी बोलीत 'अवने' म्हणतात आणि मलयाळमचे रूप 'अवने' असेच आहे.

या उदाहरणांचा अर्थ काळजीपूर्वक लावावयास हवा. लेखी तमिळ आणि मलयाळम समोरासमोर ठेवल्या तर तालव्यीकरण आणि 'ऐ'चा संकोच हे दोन भाषांमधील भेद ठरतात. बोली तमिळ समोर ठेवली तर तेच दोन भेद जवळजवळ नाहीसे होतात आणि त्या दोहोंतील साम्य ठरतात. अनुनासिकाचे समीभवन मात्र दोन्ही तुलनांत भेद म्हणून बव्हंशी टिकते. तमिळमध्ये लेखी आणि बोली या दोन रूपांतील अंतर मोठे आहे. व्याख्यान, वृत्तपत्र आणि पाठ्यपुस्तक एका रूपात चालतात, तर घर आणि बाजार दुसऱ्या रूपात. मलयाळममध्येही लेखी-बोली भेद आहे, परंतु तो इतका रुंद नाही. म्हणून अंबत्तूरमधील मलयाळी माणसाला शेजाऱ्याचे बोलणे लवकर कळते, पण त्याच शेजाऱ्याचे वर्तमानपत्र वाचून दाखविले तर ते दूरचे वाटते. लिपी वेगळी असल्यामुळे ते स्वतः वाचण्याचा प्रश्न तर आणखी पुढचा.

लेखन आणि उच्चार यांच्या संबंधाचे एक उदाहरण येथे नमूद करण्याजोगे आहे. दन्त्य 'न' आणि वर्त्स्य 'न' यांसाठी तमिळ लिपीत दोन स्वतंत्र अक्षरे आहेत, परंतु बहुसंख्य तमिळभाषकांच्या उच्चारात त्यांतील भेद आज स्वतंत्रपणे राहिलेला नाही. मलयाळममध्ये हा भेद उच्चारात जिवंत आहे, पण लिपीत दोहोंसाठी एकच अक्षर आहे. 'वन्नु' (आला, आली, आले) यातील द्वित्व दन्त्य, तर 'पन्नि' (डुक्कर) यातील द्वित्व वर्त्स्य. 'पन्नि' हा शब्द तमिळमधील 'पन्ऱि'शी समांतर आहे. जुन्या अवस्थेचा वारसा एका भाषेने लेखनात आणि दुसरीने उच्चारात जपला असल्याने त्यांपैकी एकीलाच 'मूळ' म्हणणे येथे निरर्थक ठरते.

मराठी वाचकाला या प्रकाराची एक खूण स्वतःच्या लेखनातही सापडेल. मराठीत 'तमिळ' आणि 'मलयाळम' या दोन्ही नावांत एकच 'ळ' लिहिला जातो. त्या त्या भाषेत मात्र हे दोन वेगळे ध्वनी आहेत. 'तमिऴ्' यातील अंत्य ध्वनी जिव्हा मागे वळवून, स्पर्श न करता उच्चारला जातो, तर 'मलयाळम्' यातील 'ळ' मराठीसारखाच आहे. हा भेद मलयाळमभाषक आजही कसोशीने पाळतात. तमिळभाषकांत अनेकांच्या बोलण्यात तो पुसट होतो, यद्यपि तमिळच्या नावातच तो ध्वनी आहे आणि त्याविषयी तमिळभाषकांना अभिमान आहे.

३. क्रियापदाची पातळी

ध्वनीच्या पातळीवर बोली तमिळ मलयाळमजवळ सरकते, हे वर पाहिले. क्रियापदाच्या पातळीवर मात्र ती तशी सरकत नाही. तमिळ क्रियापद कर्त्याचे पुरुष, वचन आणि लिंग प्रत्ययाने दर्शविते. 'नान् वन्देन्' (मी आलो), 'अवन् वन्दान्' (तो आला), 'अवळ् वन्दाळ्' (ती आली), 'अवर् वन्दार्' (ते आले, आदरार्थी), अशी रूपे होतात. मलयाळममध्ये या सर्वांसाठी 'वन्नु' हे एकच रूप आहे. काळ कळतो, कर्ता कळत नाही. तो कळण्यासाठी सर्वनाम किंवा संदर्भ लागतो. बोली तमिळमध्ये प्रत्ययांतील अंत्य व्यंजने झिजली आहेत. 'वन्दान्' मधील अंत्य 'न्' केवळ सानुनासिक स्वराच्या रूपात उरतो, तर 'वन्दाळ्' मधील 'ळ्' गळतो. तरीही 'तो आला' आणि 'ती आली' यांतील भेद कायम राहतो. म्हणजे प्रत्यय झिजला, पण व्यवस्था मोडली नाही. मलयाळममध्ये व्यवस्थाच बदलली.

हा बदल एकाएकी झाला नाही. बाराव्या-तेराव्या शतकांच्या सुमाराचे मानले जाणारे 'रामचरितम्' हे युद्धकांडाच्या कथेवरील काव्य पुरुषवाचक प्रत्ययांचा वापर करते. सोळाव्या शतकातील एऴुत्तच्छन् यांच्या काव्यभाषेतही अशी रूपे आढळतात. गद्यातून आणि व्यवहारातून गेल्यावरही ती काव्यात टिकली. मराठीच्या जुन्या काव्यातही व्यवहारातून गेलेली रूपे दीर्घकाळ टिकली होती, हे येथे स्मरावे.

येथेही काटेकोरपणा राखणे इष्ट आहे. तमिळ क्रियापद सर्वत्र सुसंवादी आहे असे नाही. 'वरविल्लै' (आला नाही, आली नाही, येत नाही) या नकारार्थी रूपात कर्त्याचा प्रत्यय नाही आणि काळाचाही स्पष्ट भेद नाही. भविष्यकालीन नकारात मात्र 'वरमाट्टान्' (तो येणार नाही) असा प्रत्यय परत येतो. मलयाळममध्ये 'वन्निल्ल' (आला नाही), 'वरुन्निल्ल' (येत नाही) आणि 'वरिल्ल' (येणार नाही) असे तीन काळ नकारातही स्वच्छ वेगळे राहतात. एका भाषेने जी माहिती सोडली तिची भरपाई दुसऱ्या जागी झाली, असे म्हणता येईल. 'मलयाळमचे व्याकरण सोपे झाले' हे विधान म्हणून अपुरे आहे.

या भेदाचे वाङ्मयीन परिणाम लहान नाहीत. तमिळ वाक्यात सर्वनाम गाळले तरी तृतीयपुरुषी कर्ता पुरुष की स्त्री, एक की अनेक, हे क्रियापदातून उलगडते. मलयाळम लेखक कर्त्याचे लिंग किंवा ओळख काही वाक्ये, क्वचित परिच्छेदभर, अनुक्त ठेवू शकतो. अशा परिच्छेदाचे तमिळ भाषांतर करताना भाषांतरकाराला पहिल्याच क्रियापदापाशी निर्णय घ्यावा लागतो आणि मूळ लेखकाने राखलेली संदिग्धता गमवावी लागते. उलट दिशेने जाताना तमिळमधील आदरार्थी 'वन्दार्'मध्ये असलेला सामाजिक संकेत मलयाळम क्रियापदात मावत नाही, त्यासाठी संबोधनाची वा सर्वनामाची योजना करावी लागते. निकट भाषांत भाषांतर सोपे असते हा समज येथे टिकत नाही. मराठीतून पाहता हा प्रश्न अधिक स्पष्ट होतो, कारण मराठी क्रियापद या बाबतीत तमिळच्या बाजूला उभे राहते.

एका बाबतीत तिन्ही भाषा एकत्र येतात. श्रोत्यासह 'आपण' आणि श्रोत्याविना 'आम्ही' हा भेद तमिळमध्ये 'नाम्' व 'नाङ्गळ्', मलयाळममध्ये 'नम्मळ्' व 'ञङ्ङळ्' या जोड्यांनी व्यक्त होतो. हिंदीत नसलेला हा भेद मराठीत आहे आणि अनेक अभ्यासकांनी त्याचा संबंध द्राविड भाषांच्या संपर्काशी जोडला आहे. भाषांचे साम्य केवळ कुळातूनच येते असे नाही, ते सहवासातूनही येते, याची ही साक्ष आहे.

४. शब्द, संस्कृत आणि लिपी

देशी शब्दसंग्रहात दोन्ही भाषांचे साम्य विपुल आहे. घर दोहोंतही 'वीडु', भात 'चोऱु', मासा 'मीन्'. परंतु सामायिक शब्दांचे अर्थ पुष्कळदा सरकले आहेत. 'वेळ्ळम्' म्हणजे मलयाळममध्ये पाणी, तमिळमध्ये पूर. डिसेंबर २०१५मध्ये चेन्नई जलमय झाली तेव्हा तमिळ वृत्तपत्रांच्या मथळ्यांतील हा शब्द मलयाळी कानांना 'पाणी' असाच ऐकू येणार. त्यातील आपत्ती संदर्भाने समजून घ्यावी लागते. पुरासाठी मलयाळमचा शब्द 'वेळ्ळप्पोक्कम्' असा आहे. 'केळ्' या धातूचे तमिळमध्ये ऐकणे आणि विचारणे असे दोन्ही अर्थ आहेत. मलयाळममध्ये तो ऐकण्यापुरता राहिला आणि विचारण्यासाठी 'चोदिक्कुक' हे क्रियापद आले. 'कुट्टि' हे मलयाळममध्ये मुलाचे सामान्य नाम आहे. तमिळमध्ये ते प्रामुख्याने प्राण्यांच्या पिलाला किंवा लहानशा वस्तूला लागते.

संस्कृतमधून आलेल्या शब्दांत हा प्रकार मराठी वाचकाला अधिक विस्मयकारक वाटेल. 'अवसरम्' हा शब्द तमिळमध्ये घाई वा निकड दर्शवितो, मलयाळममध्ये तो मराठीसारखा संधी या अर्थाचा आहे. 'संसारम्' तमिळमध्ये प्रपंच आणि त्यावरून पत्नी, तर मलयाळममध्ये संभाषण. 'संसारिक्कुक' म्हणजे बोलणे. 'उपन्यासम्' तमिळमध्ये प्रवचन, मलयाळममध्ये निबंध. 'कल्याणम्' मात्र दोहोंतही लग्न. एकाच संस्कृत शब्दाला दोन भाषांनी वेगवेगळ्या दिशांनी नेले असल्याने संस्कृतच्या आधारे त्यांची निकटता मोजणे धोक्याचे ठरते.

संस्कृतशी असलेला संबंध हाच दोन भाषांच्या मार्गांतील निर्णायक फाटा मानला जातो. चौदाव्या शतकातील 'लीलातिलकम्' हा संस्कृत सूत्रबद्ध ग्रंथ मणिप्रवाळाचे, म्हणजे देशभाषा आणि संस्कृत यांच्या मेळाचे, शास्त्र सांगतो. द्राविड वर्णांपुरते मर्यादित राहणाऱ्या 'पाट्टु' या रचनाप्रकाराचे लक्षणही तो वेगळे देतो. म्हणजे केरळात एकाच काळी दोन काव्यभाषा उभ्या होत्या, एक तमिळ परंपरेला धरून आणि एक संस्कृतशी जोडून. कालांतराने ग्रंथ लिपीतून विकसित झालेली आणि संस्कृतचे सर्व वर्ण लिहू शकणारी लिपी तेथे प्रस्थापित झाली. तमिळ लिपीत बारा स्वर आणि अठरा व्यंजने आहेत. घोष आणि महाप्राण व्यंजनांसाठी तीत स्वतंत्र अक्षरे नाहीत. 'पडि' (शिक, वाच) हा तमिळ धातू संस्कृत 'पठ्'शी संबद्ध मानला जातो. त्याचे भूतकालीन रूप लेखी तमिळमध्ये 'पडित्तान्', बोलीत 'पडिच्चान्' आणि मलयाळममध्ये 'पठिच्चु' असे होते. या एका क्रियापदात आतापर्यंतचे सर्व मुद्दे एकवटलेले आहेत. तालव्यीकरण बोली तमिळ आणि मलयाळम यांना जोडते, पुरुषप्रत्यय दोन्ही तमिळ रूपांना जोडतो आणि महाप्राण 'ठ' मलयाळमला संस्कृतकडे नेतो.

विसाव्या शतकात हा फाटा तमिळच्या बाजूनेही रुंदावला. मद्रासजवळच्या पल्लावरम येथे राहणारे मरैमलै अडिगळ् यांनी १९१६ साली शुद्ध तमिळच्या चळवळीस प्रारंभ केला. स्वतःचे 'वेदाचलम्' हे संस्कृत नावही त्यांनी तमिळमध्ये बदलून घेतले. पुढे लेखी तमिळमधून पुष्कळ संस्कृत शब्द मागे सरले. यावरून असे दिसते, की आज मोजले जाणारे अंतर केवळ मध्ययुगीन नाही. त्याचा काही भाग अलीकडच्या काळात जाणीवपूर्वक निर्माण झालेला आहे.

५. वारसा कोणाचा?

साम्यभेदांची ही चर्चा वाङ्मयेतिहासात प्रवेश करते तेव्हा तिला वेगळे महत्त्व येते. 'पदिट्रुप्पत्तु' हा संगमकालीन संग्रह चेर राजांच्या स्तुतिपर आहे आणि चेरदेश म्हणजे मुख्यतः आजचे केरळ. 'चिलप्पदिकारम्' या महाकाव्याचे कर्ते इळंगो अडिगळ् हे परंपरेनुसार चेर राजा सेंगुट्टुवन् याचे बंधू होत. काव्याचे तिसरे कांड चेरराजधानी वंजी हिच्या नावाचे आहे आणि कोडुंगल्लूर येथील भगवतीच्या परंपरेशी कण्णगीची कथा जोडली जाते. ही रचना तमिळ वाङ्मयाची आहे याविषयी वाद नाही. ती केवळ तमिळ वाङ्मयाची आहे काय, हा प्रश्न मात्र राहतो.

उत्तर पुन्हा नावाच्या द्व्यर्थतेत अडकते. मलयाळम ही आधुनिक तमिळची कन्या मानली, तर तिचा वाङ्मयेतिहास नवव्या शतकातील वाऴप्पळ्ळि आणि तरिसापळ्ळि यांसारख्या ताम्रपटांपाशी किंवा त्याहून पुढे 'रामचरितम्'पाशी सुरू होतो आणि त्यापूर्वीचे सर्व दुसऱ्याचे ठरते. दोघी भगिनी मानल्या, तर विभाजनापूर्वीची ठेव दोघींची ठरते. अभिजात भाषेचा दर्जा तमिळला २००४ साली आणि मलयाळमला २०१३ साली मिळाला. प्राचीनता हा त्याचा एक निकष असल्यामुळे वंशवृक्षाचा हा शास्त्रीय प्रश्न सार्वजनिक प्रतिष्ठेचा प्रश्न झाला. २०२४ साली हा दर्जा मिळालेल्या मराठीच्या बाबतीतही महाराष्ट्री प्राकृत आणि 'गाथासप्तशती' यांच्याशी असलेल्या नात्याची चर्चा याच स्वरूपाची होती, हे मराठी अभ्यासकाने विसरू नये.

वारशाचा प्रश्न भूतकाळापुरता नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत त्रावणकोर-कोचीनमधील दक्षिणेकडील तालुके मद्रास राज्यात गेले आणि कन्याकुमारी जिल्हा निर्माण झाला. या सीमाभागाने दोन्ही भाषांत वावरणारे लेखक दिले. तमिळ कादंबरीकार सुंदर रामस्वामी यांचे बालपणीचे शिक्षण मलयाळममधून झाले होते. तकऴि शिवशंकर पिळ्ळै यांच्या 'चेम्मीन्'चे तमिळ भाषांतर त्यांनीच केले. जयमोहन यांनी दोन्ही भाषांत लेखन केले आहे. 'चेम्मीन्' हे शीर्षक तमिळमध्ये जसेच्या तसे राहिले. मलयाळममध्ये ते कोळंबीचे रोजच्या वापरातले नाव आहे. तमिळमध्ये कोळंबीस 'इऱाल्' म्हणतात, त्यामुळे तेथे शीर्षकाचे घटक कळतात, 'तांबडा मासा' असा अर्थ उमटतो, पण बाजारातली कोळंबी डोळ्यांपुढे येत नाही. शब्द तोच राहिला आणि तरीही भाषांतर घडले.

अंबत्तूरसारख्या ठिकाणी हा प्रश्न शाळेच्या दाराशी येतो. २००६ सालच्या अधिनियमाने तमिळनाडूतील शाळांत तमिळ विषय पहिलीपासून दहावीपर्यंत टप्प्याटप्प्याने अनिवार्य करण्यात आला आणि भाषिक अल्पसंख्याकांनी त्याविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. मलयाळी मुलाला तमिळ सोपी जाईल, हे म्हणणे बोली तमिळच्या बाबतीत बरेचसे खरे आहे. शाळेत शिकविली जाते ती लेखी तमिळ, आणि तिचे अंतर वेगळे आहे. शिवाय एका भाषेची सुगमता ही दुसऱ्या भाषेच्या अध्यापनाची गरज संपवीत नाही.

६. व्यापक तुलना

निकट भाषांचा हा प्रश्न दक्षिण भारतापुरता नाही. दक्षिण आफ्रिकेतील झुलू आणि खोसा या बांटू कुळाच्या न्गुनी शाखेतील भाषा परस्परांना मोठ्या प्रमाणात कळणाऱ्या आहेत. नामांचे वर्ग आणि त्यांच्याशी होणारी सुसंवादाची व्यवस्था दोहोंत जवळपास सारखी आहे. तरीही मिशनऱ्यांनी त्यांसाठी वेगवेगळी लेखनपद्धती घडविली. संपूर्ण बायबल खोसामध्ये १८५९ साली आणि झुलूमध्ये १८८३ साली प्रसिद्ध झाले, त्यामुळे दोन स्वतंत्र ग्रांथिक परंपरा दृढ झाल्या. जेकब न्हलापो यांनी १९४४ साली न्गुनी गटातील भाषांसाठी एक सामायिक लेखी रूप सुचविले. ते स्वीकारले गेले नाही आणि १९९६च्या संविधानाने दोन्ही भाषांना स्वतंत्र राजभाषा म्हणून मान्यता दिली. तेथे लेखनाने जवळच्या भाषांना दूर केले. तमिळच्या बाबतीत लेखनाने एक जुना टप्पा गोठवून स्वतःच्याच बोलीला दूर केले.

मराठी अभ्यासकाला येथे कोकणी आठवणे अपरिहार्य आहे. 'घोडा' आणि 'घोडो', 'मी' आणि 'हांव' असे भेद मोजून ती भाषा की बोली हे ठरविण्याचा प्रयत्न दीर्घकाळ चालला. सुमित्र मंगेश कत्रे यांनी १९४२ साली कोकणीच्या जडणघडणीचा स्वतंत्र शास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला. साहित्य अकादमीची मान्यता १९७५ साली, गोव्याचा राजभाषा अधिनियम १९८७ साली आणि आठव्या परिशिष्टातील समावेश १९९२ साली झाला. याच्या उलट तंजावरची मराठी बोली सुमारे साडेतीन शतके तमिळच्या सहवासात राहून पुष्कळ बदलली. तथापि तेथील मराठ्यांच्या दरबाराचे लेखन आणि बृहदीश्वर मंदिरातील १८०३ सालचा सरफोजीराजांचा दीर्घ शिलालेख मराठीतच आहे. तंजावरी ही स्वतंत्र भाषा असल्याचा दावा पुढे आला नाही. केवळ अंतर मोजून भाषेची सीमा ठरत नाही, हे या दोन उदाहरणांवरून दिसते.

समारोप

तमिळ आणि मलयाळम यांतील साम्य आणि भेद यांची एकच बेरीज मांडता येत नाही. ध्वनींत बोली तमिळ मलयाळमजवळ आहे, क्रियापदात ती लेखी तमिळकडे राहते. देशी शब्दांत दोन्ही भाषा जवळ आहेत, त्या शब्दांच्या अर्थांत आणि संस्कृतशी असलेल्या नात्यात दूर आहेत. प्रत्येक पातळी वेगळ्या काळाची साक्ष देते. तुलना करणाऱ्याने आपण कोणत्या पातळीवर, कोणते रूप आणि कोणत्या काळातील रूप समोर ठेवले आहे, हे आधी सांगणे आवश्यक आहे. तसे केल्यास 'माता की भगिनी' या वादातील बराचसा भाग नावाच्या द्व्यर्थतेपुरता उरेल. संगमकालीन वाङ्मयासारखी ठेव मग वाटून घेण्याची वस्तू राहणार नाही, आणि दोन्ही वाङ्मयेतिहासांना ती आपापल्या प्रारंभस्थानी ठेवता येईल. अंबत्तूरमधील शेजाऱ्यांचा व्यवहार मात्र या सिद्धांतांची वाट पाहत थांबलेला नाही. 'वेळ्ळम्' म्हणजे पाणी की पूर, हे तेथे बोलणाऱ्याकडे पाहून ठरते.